माणसाविना गाडी

आमच्या धुळ्यात गाडी भाड्याने करायची म्हटली की गाडीबरोबर माणूस येतोच, आणि हे इतके गृहीत असते की ठरवाठरवीत त्याचा कोणी वेगळा उल्लेखही करत नाही. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचे असो की शिर्डीला, भाडे किलोमीटरवर ठरते, टोल आणि पार्किंग आपल्याकडे असते, मुक्काम पडला तर चालकाचा भत्ता वेगळा द्यावा लागतो. तोरणमाळच्या सात पायरी घाटात इंजिन तापले तर बोनेट उघडून उभा राहणारा तोच असतो आणि गाडीला कुठे ओरखडा गेला तर मालकाला काय सांगायचे, हे ठरवणाराही तोच. हा माणूस फार सज्जन असतो असा माझा दावा नाही. ठरावीक ढाब्यावरच गाडी थांबवण्यामागे त्याचा काही हिशेब असतो, हे आपल्यालाही ठाऊक असते. पण त्याच्याशी वाद घालता येतो, आणि तो वाद बहुधा चहावर मिटतो.

इटलीत आम्ही उभयतांनी भाड्याने घेतलेल्या गाडीबरोबर असा माणूस नव्हता. गाडी मीच चालवणार होतो. त्यासाठी निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयात नमुना ४-अ भरून आणि १००० रुपये शुल्क देऊन एक वर्षाच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा उल्लेख असलेले ते कागद हातात आले, तेव्हा एमएच १८ च्या रस्त्यांवर मिळवलेल्या कौशल्याला जागतिक मान्यता मिळाल्यासारखे वाटले होते.

फ्लॉरेन्सच्या विमानतळावरील भाडे-कंपनीच्या खिडकीवर ती मान्यता फार वेळ टिकली नाही. तेथे परवान्यापेक्षा क्रेडिट कार्डाला महत्त्व होते. तेही चालकाच्याच नावाचे हवे, डेबिट कार्ड चालणार नाही. कार्डावरील १२०० युरो अनामत म्हणून अडवून ठेवण्यात आले. गाडीचे नुकसान झाल्यास तेवढ्या रकमेपर्यंतची जबाबदारी आमची होती, आणि ती नको असेल तर रोजचे वेगळे पैसे भरून जादा संरक्षण घेता येत होते. आम्ही ते घेतले. जवळजवळ गाडीच्या भाड्याइतकी ती रक्कम होती. मात्र टायर, चाकाची रिम, काचा आणि गाडीची खालची बाजू या संरक्षणातून वगळलेली आहे, हे करारपत्राच्या मागील पानावर बारीक अक्षरांत छापले होते. गाडीचा जो भाग रस्त्याला, दगडाला किंवा पदपथाला लागण्याची सर्वाधिक शक्यता, नेमका तोच वगळून विकलेल्या संरक्षणाला पूर्ण संरक्षण असे नाव देणाऱ्याच्या धाडसाला दाद दिली पाहिजे.

त्यानंतर तळघरातील अंधुक वाहनतळावर एका तरुणाने गाडीचे रेखाचित्र असलेला कागद पुढे केला. जुने ओरखडे त्यावर बॉलपेनच्या फुल्यांनी नोंदवलेले होते. एखाद्या शेताच्या सातबाऱ्यावर बोजा चढवावा तशा त्या फुल्या दाराला, बंपरला चिकटलेल्या होत्या. डाव्या बाजूच्या पुढील रिमच्या कडेला नखाएवढा खरवडलेला भाग होता, तो चित्रात नव्हता. मी वाकून त्यावर बोट ठेवले. तरुणाने हात हलवत ‘नॉर्मल, नॉर्मल’ असे दोनदा म्हटले आणि पेन खिशात ठेवून दिले. पत्नीने मात्र मोबाइलच्या उजेडात त्या रिमचे छायाचित्र, शेजारी वाहनतळाचा क्रमांक येईल अशा बेताने, काढून घेतले. दागिना घेताना सराफाच्या काट्याकडे पाहण्याची खानदेशी सवय परदेशातही सुटत नाही.

प्रवासाबद्दल तक्रार नाही. सिएनाकडील पांढऱ्या मुरमाचे रस्ते आणि किआन्तीचे द्राक्षमळे पाहण्यासारखेच आहेत. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालण्याची सवय लवकर झाली. इंडिकेटर द्यावा म्हणून उजवा हात गेला की कोरड्या काचेवर वायपर फिरू लागत, एवढेच. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो आणि तेथील कॅमेरे क्रमांक टिपून घेतात. परदेशी चालकाला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते, असा तेथील नियम आहे. आम्ही गाडी शहराबाहेरच ठेवत असू. तरीही पोस्टमन दिसला की अजून मी त्याच्या हातातील लिफाफ्यांकडे पाहतो.

परतीच्या दिवशी पहाटेचे विमान होते आणि खिडकी उघडलेली नव्हती, म्हणून सूचनेप्रमाणे किल्ली भिंतीतील पेटीत टाकली. आम्ही धुळ्यात पोहोचून बॅगा रिकाम्या करतो न करतो तोच कार्डावरून २८० युरो वळते झाल्याचा संदेश आला. कारण डाव्या पुढील रिमचे नुकसान; त्यात प्रकरण हाताळल्याबद्दलचे ६० युरो प्रशासकीय शुल्क.

छायाचित्र पाठवले, तर दर वेळी निराळ्या नावाच्या माणसाकडून तेच उत्तर येत राहिले. युरोपीय आयोगाने पाच मोठ्या भाडे-कंपन्यांकडून काही गोष्टी कबूल करून घेतल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले होते, आणि नुकसानीचे पैसे कापण्यापूर्वी ग्राहकाला पुरावा दाखवून हरकत घेण्याची संधी द्यावी, ही त्यांतील एक. आमच्या कंपनीने पैसे आधी कापले आणि संधी नंतर दिली.

आमच्या गल्लीत पर्यटनाच्या गाड्या चालवणारे एक आप्पा आहेत. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, “गाडीसंगे माणूस नही दिन्हा का त्यास्नी?” तक्रार कोणाच्या तोंडावर करायची, हेच त्यांना समजेना, आणि मला तरी कुठे समजत होते!

अखेरीस बँकेकडे रीतसर हरकत नोंदवली, छायाचित्रातील वेळ आणि करारपत्रातील वेळ जुळवून दाखवली, आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर रिमचे २२० युरो परत आले. ओरखडा जुनाच होता हे कंपनीने मान्य केले होते. प्रशासकीय शुल्क मात्र परत मिळणार नाही, असे तिने त्याच पत्रात कळवले. त्यासाठी दिलेले कारण असे की, आमच्या हरकतीमुळे प्रकरण हाताळण्याचे काम अपेक्षेपेक्षा वाढले होते.