मागच्या खोलीतली ओल नक्की येत कुठून होती?

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. दर पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे सुटायचे आणि घरात एकच निदान व्हायचं, "कौलं गळतायत." पण कौलं गळली तर ओघळ वरून खाली येतील ना? इथे वरची भिंत ठणठणीत कोरडी, ओल जमिनीपासून कमरेपर्यंतच. तिच्या वरच्या कडेला पांढरी पूड, नखाने खरवडली की पिठासारखी भुरभुरणारी. हा लोणा. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भिंतीला टेकलेलं लाकडी कपाट ओढलं, तर मागे वाळवीची मातीची रेघ वर गेलेली.

फरशीही ओली असायची, पण तिचा भरवसा नाही. आपल्याकडच्या दमट हवेत गार फरशीला नुसता घामही फुटतो. म्हणून प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून फरशीवर पक्का बसवला आणि दोन रात्री तसाच ठेवला. असाच एक माजघरात. माजघरातल्या कागदावर वरून दमटपणा, खाली कोरडं, म्हणजे ती हवेतली ओल. मागच्या खोलीतला उचलला तर आतल्या बाजूला थेंब, खाली फरशी काळी पडलेली. पाणी जमिनीतूनच येत होतं.

रंगवाला वॉटरप्रूफ रंगावर अडून बसला होता. मी नको म्हटलं. आतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद केली तर ते आणखी वर चढणार.

भर पावसात छत्री घेऊन परसात गेले, तेव्हा सगळा उलगडा झाला. डोंगराकडची माती वर्षानुवर्षं उतरून जोत्याच्याही वर आलेली, आणि पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी मुरत होतं. गवंडीकाका म्हणाले, "वहिनी, भिंतीला हात नंतर लावू. आधी माती काढा."

उन्हाळ्यात माती जोत्याखाली उतरवली. भिंतीपासून थोडा लांब, पाया मोकळा पडणार नाही अशा बेताने चर खणला, त्याला वहाळाकडे उतार दिला, पन्हळही बसवली. आतलं सिमेंटचं प्लॅस्टर कमरेपर्यंत उतरवून भिंत उघडी ठेवली; चुन्याचा गिलावा ती सुकल्यावरच.

यंदाच्या पावसात तिथली ओल जेमतेम घोट्यापर्यंत चढली. देवघराच्या कोपऱ्यात मात्र लोणा अजून येतोय. चर तिथवर पोचलेला नाही, मध्ये फणस आहे आणि तो तोडायला सासूबाई तयार नाहीत.