कोड दोन

ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, चलनाची मुदत १५ तारखेची, त्यामुळे त्याआधीचे चार दिवस आमच्या ऑफिसात कोणी धड बोलत नाही. लेबर कन्सल्टंटकडे माझं हे अकरावं वर्ष. कामगार मला आयपी नंबरवरूनच, म्हणजे विमा क्रमांकावरूनच, ओळखीचे. २०२१ च्या नोव्हेंबरात एक वेल्डर मामा समोर येऊन बसले, तर चेहरा अनोळखी. कार्ड पुढे केलं तसा नंबर लगेच आठवला. जुलैत कामाचे शून्य दिवस, टायफॉइड.

"साहेब, काम सुटलं की ईएसआयसीतनं पैसे मिळतात म्हणे?"

मिळतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून. लोकांना पीएफ काढायची खडान् खडा माहिती असते, याची नसते. पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापून घेणारा ठेकेदार तर ती सांगणारच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कुणाला आपणहून सांगत नाही.

पात्रता बघायला बसलो. हे काम मला मनापासून आवडतं. विम्यात किमान दोन वर्षं हवीत; मामांची सात. काम सुटण्याच्या लगतच्या अंशदान (वर्गणीच्या) कालावधीत कामाचे ७८ दिवस, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी निदान एकात ७८. कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, असे दोन. मामांचं काम सुटलं ३० सप्टेंबरला, म्हणजे हिशोब सरळ. एप्रिल २६, मे २४, जून १९. झाले ६९. जुलै शून्य. ऑगस्टात आजारातून उठून नऊ. ऑगस्टअखेर बरोबर ७८! सप्टेंबरचे २२ वरकड. मला इतका आनंद झाला की मी पेन्सिलीने ७८ भोवती दोनदा गोल केला. मागच्या कालावधीत तर दिवस भरपूर होते.

मग रक्कम. चार कालावधींची मजुरी एकत्र करून दोन वर्षांच्या ७३० दिवसांनी भागायची. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरून नाही, इथे भलेभले चुकतात. ३,०६,६०० भागिले ७३०, रोज ४२० रुपये. पूर्वी याच्या पाव मिळायचं, कोविडपासून निम्मं. २१० रुपये, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. १८,९००. काम सुटून ३० दिवस होऊन गेले होते. अर्ज मीच ऑनलाइन भरून दिला, पैसे घेतले नाहीत. मामांनी खिशातून चहाचे वीस रुपये काढले, तेही परत केले. फार उदार झालो होतो मी त्या दिवशी.

पंधरवड्याने मामा ईएसआयसीच्या ऑफिसातून परत आले. "काढलं म्हणून कागद आणा म्हणतायत. त्यांच्याकडे मी सोडून गेलो असं दिसतंय."

गैरवर्तनाबद्दल काढलेला, वयाने निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस या योजनेत बसत नाही. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याला स्क्रीनवर जे दिसलं ते त्याने सांगितलं.

स्क्रीनवर काय होतं ते मला बघायची गरज नव्हती. चलनासाठी आम्ही भरतो त्या महिन्याच्या एक्सेल शीटमध्ये आयपी नंबर, नाव, दिवस, मजुरी, आणि दिवस शून्य असतील तर कारणाचा कोड. १ म्हणजे रजेवर. २, नोकरी सोडली. ११, काम नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ११ टाकून टाकून बोटं दुखली होती. कामगार कपात म्हणजे १०. मामांच्या जुलैला मी १ टाकला होता, ऑक्टोबरला २. शेवटचा दिवस ३०/०९/२०२१. माझ्याच हाताने.

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "राजीनामा आहे ना फायलीत." होताच. हिशोबाच्या दिवशी आठ जणांना एकच छापील कागद दिला होता, 'स्वखुशीने'. सही केल्याशिवाय शेवटचा पगार नाही. तो कपातीचं पत्र कशाला देईल? कपात म्हटली की २४० दिवस भरलेल्याला महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई आली. मामांची सात वर्षं. १८,९०० मिळवून द्यायला त्याने स्वतःच्या खिशात हात घालायचा?

कोड १० असता तरी तो राजीनामा आडवा आलाच असता, असं मी स्वतःला सांगतो. पण मग दुसरा विचार येतो, की शीटमध्ये १० असता तर तो कागद खोटा आहे असं म्हणायला मामांच्या हातात काहीतरी असतं. मागच्या शीट उघडून पाहिल्या. अकरा वर्षांत मी १० एकदाही टाकलेला नाही. कुणाला काढलंच नाही का या एमआयडीसीत?

मामांना युनियनच्या वकिलाचा पत्ता दिला. ते गेले नाहीत. "खाडा परवडत नाही" म्हणाले. तेव्हा ते एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन होते.

डिसेंबरच्या शीटला त्याच ठेकेदाराची सहा नावं शून्य दिवसांची आली. कारण विचारायला फोन केला.

"नेहमीचंच टाका की. आजच का विचारताय?"

१४ तारीख होती. टाकलं.