पाल्याचं वाळवण : आमची वाटचाल

नाशिकमध्ये शेतमाल वाळवायचा म्हटलं की आधी कांदा आठवतो. मीही तिथूनच आलो. कांदा वाळवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होतो. तिथे हवा 60-70 अंशांवर खेळवायची आणि माल पटापट काढायचा. हर्बल टीसाठी तुळस नि गवती चहा हातात घेतला, तेव्हा ते गणित बाजूला ठेवलं. या पानांचा सगळा जीव त्यांच्या तेलात, आणि ते तेल उष्णतेने उडतं. त्यामुळे आम्ही 45 अंशांच्या वर जात नाही. पाल्याला ऊन कमी आणि वारा जास्त लागतो. आमच्या शेडला पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे ऊन आत येऊ देणाऱ्या प्लॅस्टिकचं छप्पर आहे, पण त्याखाली सावलीसाठी शेडनेटची जाळी ताणलीय, आणि एक्झॉस्ट पंखे दिवसभर चालू असतात.

तुळस मंजिऱ्या धरायच्या आत कापायची, तीही दव उडाल्यावर. पान चुरगळलं की काळं पडतं, म्हणून गोणीत दाबून भरलेला माल आम्ही दारातूनच परत पाठवतो. क्रेटमध्ये आला तरच घेतो. गवती चहाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून जाळीच्या ट्रेवर पातळ पसरायचे. वाळलं की नाही, हे सांगायला ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण आमच्या मावशी ट्रेत हात घालून आधी सांगतात, "दादा, पान झालंय, काडी ओलीच हाय." काडी कट्‌कन मोडली तरच ट्रे उतरतो. ओली काडी पाकिटात गेली की बुरशी आलीच.

खरा घोर फवारणीचा होता. सुरुवातीला दिंडोरी भागात तुळस लावली. जमीन चांगली, पाणी भरपूर, पण चारी बाजूंनी द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत औषध फवारणारे ब्लोअर सारखे फिरत असतात. वारा आपल्या बाजूचा असला की औषध आपल्या पिकावर. शेजाऱ्याशी भांडून काय करणार, त्याचं वर्षाचं पीक त्या फवारणीवर अवलंबून. पण पाच-सहा किलो ओल्या पाल्याचा एक किलो सुका होतो. पाणी उडतं, औषधाचा अंश बराचसा मागे राहतो. ओल्या पानात नगण्य वाटणारा आकडा सुक्या मालाच्या तपासणीत कितीतरी पट दिसतो. शेवटी लागवड त्र्यंबक तालुक्यात हरसूलकडे नेली. तिथे भात आणि नागली, फवारणी जवळपास नाहीच. वाहतूक महाग पडते, पण माल परत येत नाही.

तिकडचा पाऊस मात्र आपल्याला माहीतच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाला सर्वांत जोमात येतो आणि नेमकी तेव्हाच हवा ओलीचिंब. शेडमध्ये पान सुकायच्या ऐवजी कुबट व्हायला लागतं. म्हणून हवेतलं पाणी ओढून घेणारा विजेवरचा ड्रायर घेतला. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तेव्हा कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान मिळत होतं, कमाल 10 लाखांपर्यंत. कागदपत्रांना वेळ गेला, तरी त्याचा आधार झाला. पावसाळ्यातलं वीजबिल बघून अजूनही पोटात गोळा येतो.

2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात चार भाग तुळस, दोन दालचिनी, दोन सुंठ, एक मिरी असं प्रमाण होतं. त्या वर्षी तुळस मिळेल त्या भावाने जात होती. लोकांची भीती ओसरली तशी मागणीही ओसरली. त्या तेजीवर कर्ज काढून मोठं शेड बांधलं नाही, हे बरंच झालं. पाकिटावर "सर्दी बरी होते" असंही आम्ही छापत नाही. कायद्यात बसत नाही आणि आम्हालाही पटत नाही.

गिऱ्हाइकाचा नेहमीचा प्रश्न : "एवढ्याशा पाल्याचे एवढे पैसे?" दुसरा : "रंग का येत नाही?" तुळशीच्या पाण्याला फिकट पिवळसर रंगच येतो. लालबुंद चहा हवा असेल तर तो टपरीवर प्यावा, आम्हीही पितो.

आता नाशिकच्या दुकानांत स्वतःची पाकिटं ठेवतो, उरलेला गवती चहा सुटा जातो. शेवग्याचा पाला सगळ्यांत लवकर वाळतो, पण देठावरून पानं ओरबाडायला माणसं लागतात, म्हणून त्याची मोठी ऑर्डर सध्या घेत नाही.