तुम्ही विचारलंत म्हणून: चिप आहे, मग सेफ ना?

कोल्हापुरात राजारामपुरीत लॅपटॉप बघायला निघालेला जो तो आधी मला विचारतो, "एनपीयूवाला घेऊ का? टीपीएम पण आहे म्हणे. मग सेफ झाला ना?" एनपीयू म्हणजे एआयची गणितं करणारी चिप, टीपीएम म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली जपणारी. नुसतं हो म्हटलं तर खोटं ठरतं, नाही म्हटलं तर लोक रुसतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सेफ कशापासून, ते आधी सांगा. यंत्रात बसवलेली अशी प्रत्येक खास चिप हा एक वेगळा छोटा संगणकच असतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे चिपेतच बसवलेला प्रोग्रॅम, वेगळं, त्यातल्या चुका वेगळ्या, आणि बऱ्याचदा मुख्य मेमरीत हात घालायची मुभा. तुमच्या अँटिव्हायरसला तिथलं काही दिसत नाही. यावरून मी चिपांचा वैरी आहे असं समजू नका. टीपीएम नसलेल्या यंत्रापेक्षा असलेलं कधीही बरं.

पण 2024 च्या फेब्रुवारीत काय झालं ते बघा. एका संशोधकाने लेनोवोच्या जुन्या लॅपटॉपवरचं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं एन्क्रिप्शनचं कुलूप, 43 सेकंदांत उघडून दाखवलं. हत्यार काय, तर दहा डॉलरच्या आतला रास्पबेरी पाय पिको नावाचा इवलासा सर्किट बोर्ड. एन्क्रिप्शन त्याने मोडलंच नाही. त्या बोर्डवर टीपीएम ही वेगळी चिप होती आणि ती एलपीसी बस म्हणतात त्या बोर्डवरच्या तारांवरून प्रोसेसरशी बोलायची. यंत्र चालू होताना सुरुवातीचे प्रोग्रॅम कुणी बदललेले नाहीत हे मोजमापांवरून जुळलं की टीपीएम डिस्कची किल्ली सोडतो, आणि ती त्या तारांवरून उघडीवाघडी जाते. बोर्डवर एका न बसवलेल्या कनेक्टरची जागा मोकळी होती. झाकण काढायचं, पिकोच्या पिना तिथे टेकवायच्या, यंत्र चालू करायचं, संपलं. गुजरीतल्या पेढीची तिजोरी भक्कम, पण किल्ली रोज उघड्या ताटातून रस्त्याने न्यायची, त्यातला प्रकार.

"मग प्रोसेसरच्या आतलाच टीपीएम घ्या, बाहेर तारच नाही," हे मीच सांगत आलोय. 2023 मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी एएमडीच्या झेन 2 आणि झेन 3 प्रोसेसरचा व्होल्टेज हलवून तोही फोडला. त्याला यंत्र काही तास हातात लागतं. तरी जुनं म्हणणं माझ्याच्यानं सोडवत नाही. पिको कुणाच्याही खिशात मावतो, तसली प्रयोगशाळा मावत नाही. बरोबर आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

यंत्र चालू होतानाच मागितला जाणारा पिन लावा, एवढं मात्र नक्की; तो दिल्याशिवाय टीपीएम किल्ली सोडत नाही. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या यादीत, बिटलॉकरच्या 'ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह्ज'मध्ये सुरुवातीला जादा ओळख मागणारी पॉलिसी चालू करा, मग कंट्रोल पॅनेलमधून पिन द्या. कमीत कमी 6 आकडी चालतो. अक्षरं वापरायची सोय तिथेच वेगळी चालू होते, ती करा. होम आवृत्तीत हे नाही, आणि दुकानदार बहुतेक वेळा होमच देतो.

एनपीयूचं थोडक्यात. तो स्वतः पाप करत नाही, त्याच्या जोरावर काय चालतं ते बघा. 2024 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' आणायचं जाहीर केलं. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो, आणि त्यातला मजकूर एका साध्या डेटाबेसमध्ये. आरडाओरडा झाला, ते लांबलं, आणि 2025 मध्ये आलं ते चेहरा, बोट किंवा पिन मागणाऱ्या विंडोज हॅलोच्या पहाऱ्यात, तेही आपण चालू केलं तरच. चालू करू नका.

आता कोल्हापूरकरांचा खरा धोका, जो कुणी विचारत नाही. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. भिजलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला की टीपीएम गेला, म्हणजे डिस्क धडधाकट असून बंद. मग 48 आकडी रिकव्हरी की लागते. विंडोज 11 मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की बऱ्याच यंत्रांवर एन्क्रिप्शन न विचारताच चालू होतं आणि की त्या खात्यात जाते. आजच खातं उघडून ती बघा, छापा, आणि तो कागद तळमजल्यावर ठेवू नका.