न फवारलेल्या चार ओळी: कोच-वहीची प्रगती

मंडळी, पावसाळ्यात अडलेलं कोच-वहीचं काम या महिन्यात एकदाचं हललं. हललं म्हणजे काय, अर्धी वही खोडली गेली. शिवाय ह्युमिकचा (पिकाला द्यायचं काळं द्रावण) पाच लिटरचा कॅन काउंटरवर कलंडला आणि पान १४ ते १९ काळीभोर झाली. ती पानं परत उतरवताना जे सापडलं ते आज सांगतो.

नव्यानं आलेल्यांसाठी दोन ओळी. माझं सावद्याजवळ कृषी केंद्र आहे. दिवाळीला वहीपूजनासाठी आम्ही अजूनही लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या आणतो. हिशेब कॉम्प्युटरवर गेल्यापासून त्यातली एक कोरीच राहते. तीत मी फुटबॉलचे कोच मांडतो. संघ गाळात गेला, मालकांनी कोच बदलला, मग खरंच काही फरक पडला का? मधे उभी रेघ, डावीकडे आधीच्या सहा लीग सामन्यांचे गुण, उजवीकडे नंतरच्या सहांचे आणि त्यापुढे आणखी सहांचे. विजयाला ३, बरोबरीला १. कपचे, मैत्रीचे सामने धरायचे नाहीत. गल्ल्यावर बसून होईल एवढंच काम.

काळ्या झालेल्या पानांत ईस्ट बंगाल (कोलकात्याचा फुटबॉल क्लब) होतं, म्हणून पहिल्यांदा तेच उतरवलं. खान्देशातला माणूस ईस्ट बंगालच्या नादी कसा लागला, हे मला दर वेळी विचारतात. मामा भुसावळला रेल्वेत होता. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्या क्वार्टरवर मुक्काम असायचा आणि शेजारी एक बंगाली काका राहायचे. हावडा लाइनवरचं गाव, त्यामुळे कोलकात्याचा पेपर त्यांना कोणी ना कोणी गाडीतून आणून द्यायचं, दोन दिवस शिळा. काका तो उलटा उघडायचे, खेळाचं पान आधी. ईस्ट बंगाल जिंकलं की घरी हिलसा शिजवायची रीत, कट्टर वैरी मोहन बागान जिंकलं की त्या लोकांकडे कोळंबी. भुसावळात हिलसा कुठला मिळणार? तापीतला जो मासा हाती लागेल त्यावर काकू मोहरी वाटून घालायच्या आणि काका त्यालाच हिलसा म्हणायचे. हरले की त्या दिवशी वरण-भात. तेवढ्यावरून मी लाल-पिवळ्या जर्सीचा झालो तो झालो.

तर ते पान. कार्लेस कुआद्रात नावाच्या स्पॅनिश कोचनं जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला ओडिशाला ३-२ हरवून सुपर कप जिंकून दिला. मोठी ट्रॉफी तब्बल बारा वर्षांनी आली होती. आठ महिन्यांनी तोच माणूस राजीनामा देऊन गेला, कारण आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) नवा हंगाम सुरू झाला आणि बेंगळुरू, केरळ ब्लास्टर्स, गोवा असे ओळीनं तीन पराभव झाले. गोव्याच्या बोर्हा एरेरानं तीन गोल मारले; तो आदल्याच हंगामात यांच्याकडे होता. मग बिनो जॉर्ज यांच्याकडे तात्पुरता कारभार आणि पुढे ऑस्कर ब्रुझोन, जे बांगलादेशात बशुंधरा किंग्जला ओळीनं लीग जिंकून देऊन आले होते. तरी जमशेदपूर, मोहन बागान, ओडिशा अशी हार चालूच. सहा सामने, शून्य गुण.

मग संघ भूतानला गेला, एएफसी चॅलेंज लीग ही आशियातल्या क्लबांची स्पर्धा खेळायला. थिंफूत पारोशी २-२, ज्या बशुंधरा किंग्जचे ब्रुझोन कालपर्यंत कोच होते त्यांना ४-०, लेबनॉनच्या नेजमेहला ३-२. परत आल्यावर ९ नोव्हेंबरला मोहमेडनशी सामना. पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास एकापाठोपाठ दोन लाल कार्डं, नंदकुमार आणि महेश बाहेर. उरलेला सगळा वेळ नऊ जणांनी खेळून ०-० राखलं. हंगामातला पहिला गुण तो असा मिळाला. त्या रात्री दुकान बंद करून शटर अर्धं ओढून मोबाइलवर सामना बघत होतो. ट्रॅक्टरवाला गिऱ्हाईक बाहेरून हाका मारतोय आणि मी आत नऊ माणसं मोजतोय. पुढे नॉर्थईस्टवर १-०, चेन्नईयिनवर २-०, ओडिशाकडून हार, मग पंजाबविरुद्ध मध्यंतराला ०-२ असताना दुसऱ्या अर्धात चार गोल करून ४-२, आणि जमशेदपूरवर १-०. सहा सामने, तेरा गुण.

शून्यावरून तेरा. वहीत मी तेव्हा शेजारी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: कोच लागू पडला. औषध लागू पडलं म्हणतो तसं.

आता दुकानातली गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. रावेरकडचे एक शेतकरी आले. मृगबागेची केळी, दुपारी पानं मिटलेली बघून त्यांनी चार वाजता पंप पाठीवर घेऊन टॉनिक (पिकाला जोम यावा म्हणून फवारायचं औषध) मारलं आणि संध्याकाळी पानं पसरली. “भाऊ, काय माल आहे! दोन तासांत बाग उभी.” मी बिल फाडलं. खोटं कशाला बोलू, धंदा आहे. पण केळीचं पान कडक उन्हात मधल्या शिरेवर दुमडून घेतं आणि ऊन उतरलं की आपोआप उघडतं. साधं पाणी मारलं असतं तरी उघडलं असतं, काही नसतं मारलं तरीही. आमच्याकडे कंपनीचा जुना, जाणता माणूस येतो तो शेतकऱ्यांना एकच सांगतो: प्रत्येक लॉटमध्ये चार ओळी फवारू नका, मग माझ्याशी बोला.

ते गिऱ्हाईक गेलं आणि वाळत घातलेली काळी पानं समोर. माझ्या वहीत न फवारलेल्या ओळी कुठे आहेत? मी फक्त कोच बदललेलेच संघ लिहितोय. गाळात जाऊनही ज्यांनी कोच ठेवला, ते माझ्याकडे नोंदलेच नाहीत.

ही काही माझी अक्कल नाही, हे नंतर कळलं. बास टेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञानं १९८६ ते २००४ पर्यंतची डच लीग घेऊन नेमकं हेच केलं आणि २०११ मध्ये छापलं. कोच काढलेले संघ एका बाजूला, तसेच घसरलेले पण कोच न काढलेले दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्याच वर आल्या. मी मात्र सावद्यात बसून हौसेनं अर्धीच वही लिहीत होतो.

म्हणून न फवारलेली ओळ शोधली. पहिली आठवली इंग्लंडच्या आर्सेनलची, २०२० चा नाताळ. मिकेल आर्तेताचा संघ चौदा सामन्यांत चौदा गुण घेऊन पंधराव्या जागेवर, लीगमध्ये सात सामने विजय नाही. सगळीकडून ‘काढा त्याला’ चालू होतं. क्लबनं नाही काढलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी चेल्सीला ३-१ हरवलं आणि गाडी सुटली: ब्रायटन १-०, वेस्ट ब्रॉम ४-०, पॅलेसशी बरोबरी, न्यूकॅसल ३-०, साउथॅम्प्टन ३-१. आधीच्या सहांत २ गुण, नंतरच्या सहांत १६.

मी खूश. जळगावच्या एका दोस्ताला दाखवलं, शाळेत गणित शिकवतो. त्यानं वही दोन मिनिटं बघितली आणि म्हणाला, “भो, तू रेघ बरोबर खड्ड्याच्या तळाशी मारून राह्यला. तळाशी मारल्यावर पुढे चढच दिसणार ना.” आर्सेनलनं कोच बदलला नव्हता, त्यामुळे रेघ कुठेही मारायची मोकळीक मला होती आणि मी ती सोयीची जागा बघून मारली होती. ईस्ट बंगालचंही तेच. कुआद्रात तीन सामन्यांनंतर गेला. रेघ तिथे मारली असती तर पुढच्या सहांत तेरा नव्हे, सातच गुण दिसले असते. मी ती भूतानच्या आधी मारली, कारण नव्या कोचला सरावाला जरा सवड तिथेच मिळाली असं मला वाटलं. वाटलं! वहीत ‘वाटलं’ याला रकाना नाही.

दोन रात्री यात गेल्या. मग असा नियम केला: कोच कधी आला, कधी गेला, ते रेघेसाठी बघायचंच नाही. लीगमध्ये ओळीनं सहा सामने विजय नाही, की रेघ. कोच बदलला का, हा वेगळा रकाना. नियमाप्रमाणे आर्सेनलची रेघ एक सामना मागे सरकते, साउथॅम्प्टनच्या १-१ नंतर, म्हणजे एव्हर्टनकडची हारही उजवीकडे येते. ईस्ट बंगालची जिथे होती तिथेच राहते. परत बेरीज केली:

ईस्ट बंगाल (बदलला): ०, १३, ५
आर्सेनल (नाही बदलला): २, १३, ७

तेरा आणि तेरा! मी तीनदा मोजलं. तिसरा आकडा पण बघा. ईस्ट बंगालच्या त्यापुढच्या सहांत हैदराबादशी बरोबरी, मग मुंबई, गुवाहाटीत झालेली मोहन बागानविरुद्धची डर्बी आणि गोवा असे तीन पराभव, केरळवर एक विजय, परत मुंबईशी ०-०. आर्सेनलही फेब्रुवारीत वुल्व्ह्ज, व्हिला, सिटीकडून हरलं. चढ सारखा, उतार सारखा. हंगाम संपला तेव्हा ईस्ट बंगाल नववं, आर्सेनल आठवं.

दोन पानांवरून कोणी निष्कर्ष काढत नाही, मीही काढत नाही. लगेच तिसरं पान घेतलं तर त्यानं पंचाईतच केली. एव्हर्टन, २०२२-२३, लॅम्पार्डच्या हाताखाली. रेघेआधी २. रेघेनंतर आणखी दोन पराभव, मग हकालपट्टी, शॉन डाइश आले आणि पहिल्याच सामन्यात अव्वल क्रमांकावरच्या आर्सेनलला १-० हरवलं. गावोगावी ‘नवा कोच, नवा जोश’. पण माझ्या रकान्यांत २, ६, ६. चढही बेताचाच आणि उतार नाहीच. शेवटच्या दिवशी बोर्नमथला १-० हरवून कसेबसे वाचले. हे पान कुठल्या खात्यात टाकायचं, अजून ठरलेलं नाही.

नियमाची खरी किंमत मोजली ती आवडत्या पानावर. सोल्शायर. डिसेंबर २०१८ मध्ये मोरिन्योला काढून मँचेस्टर युनायटेडनं आपल्या जुन्या खेळाडूला तात्पुरतं आणलं. पहिलाच सामना कार्डिफमध्ये ५-१, सगळ्या स्पर्धा मिळून पहिले आठही सामने जिंकले, लीगच्या सहांत १८ पैकी १८. २८ मार्चला कायम केलं. त्यानंतर हंगामातल्या शेवटच्या सहा लीग सामन्यांत ५ गुण, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर त्याच कार्डिफकडून ०-२, तेही कार्डिफ आधीच खालच्या लीगमध्ये गेलेलं असताना. एवढं देखणं पान माझ्या वहीत दुसरं नव्हतं. पण मोरिन्योच्या शेवटच्या सहांत फुलहॅमवर ४-१ असा एक विजय आहे. नियमात बसत नाही. खोडलं. मन मानेना, म्हणून मागच्या पुठ्ठ्याला टाचणीनं लावून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कोच हा सगळा टॉनिकचा धंदा. तसं मी म्हणत नाही. चेल्सी जानेवारी २०२१ मध्ये नवव्या जागेवर होतं, टुखेल आला आणि मेमध्ये पोर्टोत चॅम्पियन्स लीग उचलली. त्यानं पहिल्या आठवड्यापासून मागे बचावाला तिघे उभे केले आणि गोल खाणं जवळजवळ बंद झालं. ते मला डोळ्यांनी दिसलं, आणि ते ऊन उतरल्यानं झालेलं नव्हतं. पंजाबविरुद्धच्या मध्यंतरात ड्रेसिंगरूममध्ये जे झालं असेल तेही गुणांच्या बेरजेत उमटत नाही. बेरजेवरून भांडणारे मात्र दोन्हीकडचे आहेत: एक म्हणतो देवमाणूस मिळाला, दुसरा म्हणतो मालकानं पैसे पाण्यात घातले. दोघांनाही सहा सामन्यांचा धीर नाही.

पुढचं काम असं. न बदललेल्या संघांची पानं वाढवायची आहेत, आणि ती मिळणं अवघड जातंय, कारण सहा सामने विजय नसताना कोच ठेवणारे मालकच थोडे. आयएसएलमधलं तर एकही अजून हाताला लागलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या हंगामांचे निकाल लिहिलेले असतील तर मला संघ आणि हंगाम तेवढा सांगा, मोजणी मी करतो. केरळ ब्लास्टर्सनं डिसेंबर २०२४ मध्ये मिकाएल स्टाहरेला काढलं आणि पुरुषोत्तमन यांच्या हाती संघ देऊन पहिल्याच सामन्यात मोहमेडनला ३-० हरवलं. ते नियमात बसतं का, या आठवड्यात बघतो.

रावेरचे ते शेतकरी परवा परत आले होते, टॉनिकचे आणखी दोन कॅन न्यायला. मी म्हटलं, न्या, पण बांधाकडच्या चार ओळी सोडा. ते हसले. “भाऊ, तूच विकतो अन् तूच नको म्हणतो?” पण सोडल्या आहेत म्हणे. रविवारी दुपारी ऊन असताना एकदा आणि संध्याकाळी एकदा बघून येणार आहे. वही दुकानातच राहील, ह्युमिकपासून लांब, वरच्या फळीवर.