सुट्टे आहेत का?

अनोळखी माणसाशी बोलणं काढायला आपल्याकडे मोजकीच वाक्यं होती. 'किती वाजले हो?' हे मोबाइलने संपवलं. 'सुट्टे आहेत का?' अजून तग धरून आहे. त्याचं उत्तरही ठरलेलं: नाहीत. खिशात खुळखुळत असले तरी नाहीत. सुट्टे जवळ असणं वेगळं आणि ते समोरच्याला देण्यासाठी असणं वेगळं, हा फरक आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही.

'चेंज' आता भाजीवालीच्याही तोंडात बसलाय. आमच्या घरात मात्र शंभराची 'मोड' व्हायची. आजी नोट मोडायची आणि मोडताना तिचा जीव कसनुसा व्हायचा. बंदी नोट कपाटात आठवडाभर टिकते, मोडली की संध्याकाळपर्यंत उरत नाही, हे तिचं अर्थशास्त्र मला अजून तरी कुणी खोडून दाखवलेलं नाही. तीच मोड वाण्याच्या गल्ल्यात गेली की 'चिल्लर' होते, आणि चिल्लर म्हणताना नाक किंचित मुरडलेलं असतंच. किरकोळ माणसालाही आपण चिल्लर म्हणतो ते काही उगाच नाही. जुनी माणसं 'खुर्दा' म्हणायची. तो शब्द आता शत्रूच्या सैन्याचा उडवण्यापुरताच उरलाय. सुट्टे मागावेत ते 'सुट्टे' म्हणूनच. त्यात कुणाचा मान जात नाही.

चवली, पावली, अधेली ही दोन, चार, आठ आण्यांच्या नाण्यांची नावं तर गेलीच. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे मोडीत निघाले, त्यांच्या जागी शंभर 'नवे पैसे' आले. १९६४ मध्ये त्यातलं 'नवे'ही गळालं. पण आणे काही पुरते गेले नाहीत. एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे, म्हणजे कुणालाच न जमणारा हिशेब. चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस, आठाचे पन्नास, बाराचे पंच्याहत्तर. हिशेबात बसले तेवढे आणे वाचले. म्हणून चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला अजून लागतो, पण तीन आण्यांचं नाव कुणी काढत नाही.

पुढे ३० जून २०११ ला चार आण्यांचं नाणंही चलनातून बाद झालं. त्याने सगळ्यात मोठी पंचाईत केली ती देवाची. आपला देव सव्वा रुपयावर प्रसन्न होणारा. गुरुजी अजूनही 'सव्वा रुपया ठेवा' म्हणतात आणि यजमान मुकाट अकरा ठेवतो, कारण सव्वा रुपया ही आता नाण्यांत देताच न येणारी रक्कम आहे. आठ आणे कायद्याने अजून चालतात, फक्त दुकानात चालत नाहीत. त्यामुळे दीड रुपयाला तांत्रिक अडचण नाही. पण दीडात ती सव्वाची शुभता कुठून आणायची?

एका रुपयाच्या नाण्याची खरी नोकरी आता आहेराच्या पाकिटावर. शंभर आत, एक बाहेर चिकटवलेला. लग्नसराई सरली की हे रुपये बाजारात येतात आणि ओळखूही येतात: पाठीवर लाल किंवा सोनेरी कागदाचा टवका, कडेला सुकलेला गोंद, नखाने खरवडल्याच्या रेघा. मी एकदा टवका काढत बसलो तेव्हा सालाच्या आकड्याखाली बारीकसा हिरा दिसला. ती मुंबईच्या टांकसाळीची खूण. हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो. इतक्या कौतुकाने पाडलेलं नाणं, आणि आपण त्याला डिंक लावतो!

सुट्ट्यांचं खरं विद्यापीठ म्हणजे एसटी. कंडक्टर पाचशेची नोट उजेडात धरतो, तुमच्याकडे बघतो, तिकिटाच्या पाठीवर उरलेली रक्कम लिहून तिला गोल करतो आणि म्हणतो, "उतरताना घ्या." झाली तुमची झोप. पुढचा सगळा प्रवास डोळा त्याच्या चामडी बॅगेवर. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पाचाच्या पटीतल्या भाड्यांची जी अर्धी झाली त्यांनी रुपया-दोन रुपयांना पुन्हा भाव आणला. कंडक्टरचं शेवटचं हत्यार तर अफलातून असतं. स्टँड आला की दोन अनोळखी प्रवाशांच्या मध्ये एकच नोट धरायची: "दोघांत घ्या वाटून." मग ते दोघे, ज्यांनी चार तासांत एकमेकांकडे पाहिलेलंही नसतं, नोट मोडायला जोडीने चहाच्या टपरीवर जातात. एसटीने किती सोयरिकी जुळवल्या ठाऊक नाही, पण त्यातली एखादी तरी अशा नोटेवर जुळली असेल.

नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस आठवतात? पाचशे-हजार रद्द, आणि हातात ती गुलाबी दोन हजारांची. माणूस श्रीमंत आणि मेथीची जुडी घेता येत नाही. पुढे मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तीही माघारी घेतली. तिच्यासाठी कुणी हळहळल्याचं मी ऐकलं नाही.

आता फोनवरून पैसे देताना सतरा रुपये म्हटलं की सतराच जातात, आणि दुकानातला बोलका डबा सगळ्या गल्लीला ते ओरडून सांगतो. गल्ल्याशेजारची गोळ्यांची बरणी, जी वर्षानुवर्षं दुकानदाराची खाजगी टांकसाळ होती, ती रिकामी पडलीय. पोरांचा तेवढा तोटा झाला.

पण सगळ्यात अवघड गत झालीय आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याची. दूधवाल्याला, साखरेच्या दुकानाला तो फोनवरून पैसे पाठवतो. गिऱ्हाइकांतली म्हातारी मंडळी मात्र नाणी देतात. नाणी येतात, जात नाहीत. त्यात दहाच्या नाण्यांचा गुंता वेगळा. ती चौदा तऱ्हांची आहेत आणि सगळी खरी आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, पण ते त्याच्या बिस्किटवाल्यापर्यंत पोचलेलं नाही. परवा त्याने मलाच विचारलं, "साहेब, बंदे आहेत का? चिल्लर देतो." पत्र्याचा डबा पुढे सरकवला. कायद्याने एका वेळी हजार रुपयांपर्यंतच नाणी खपवता येतात, असं मी त्याला सांगितलं. डब्यात हजाराच्या वर असतील, असं त्याचं म्हणणं. मोजलेली नाहीत. मोजायला बसलं की गिऱ्हाईक येतं.