तीन सेकंद पुरत नाहीत

गुरुवार, रात्री साडेनऊ

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात मुलांनी शिक्षकांबद्दल भरलेले फीडबॅकचे फॉर्म आज हातात पडले. विषयाचे ज्ञान, संवादकौशल्य, वक्तशीरपणा, पीपीटीचा वापर; प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. बहुतेकांनी वरून खाली चार-चार अशी एकच रांग ओढलीय. एकाने पीपीटीला पाचपैकी पाच दिलेत. आमच्या वर्गातला प्रोजेक्टर दिवाळीपासून बंद आहे!

स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी यावरूनच विषय निघाला, कॉलेजचा शिक्षक चांगला ठरतो तो कशाने? एका सरांचं मत ठाम: विषयावर पकड पाहिजे, बाकी सगळी सजावट. दुसरे म्हणाले, व्यक्तिमत्त्व पाहिजे, तासभर पोरं जागची हलता कामा नयेत. मला दोघांचंही अर्धंच पटतं. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेल्या माणसाला विषय येत नसेल असं कोण म्हणेल? पण आपल्याला येणं वेगळं आणि समोरच्याच्या गळी उतरणं वेगळं. व्यक्तिमत्त्वाचं म्हणाल तर अमेरिकेत 1970 साली एक गंमतशीर प्रयोग झाला होता. एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ म्हणून उभं केलं आणि गणितातल्या खेळ-सिद्धांतावर (गेम थिअरी) भाषण द्यायला लावलं. विषयाचा त्याला गंध नव्हता. परस्परविरोधी विधानं, मधूनमधून विनोद, आवाज मात्र झकास. समोर मानसोपचारतज्ज्ञ, शिक्षणतज्ज्ञ अशी जाणती मंडळी बसलेली, आणि त्यांनी अभिप्राय दिले उत्तम. सरांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, मग आपण नटच बोलवू.”

माझ्या मते ज्या गुणाला फॉर्ममध्ये चौकटच नाही तोच खरा लागतो. प्रश्न विचारल्यावर गप्प बसता येणं.

ऐकायला किरकोळ वाटतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात शाळांमधल्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. लगेच स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडतात.

सोलापुरात मात्र तीन सेकंद पुरत नाहीत. माझ्या वर्गात शहराच्या पूर्वभागातली तेलुगू घरातली मुलं आहेत, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी आहेत, नई जिंदगी वस्तीतून येणाऱ्या मुली आपसात दखनी उर्दू बोलतात, माढा-करमाळ्याची मराठी आणखी वेगळी. पुस्तकात संज्ञा कंसात इंग्रजी. म्हणजे प्रश्न मराठीतून आत जातो, घरच्या भाषेत उलगडतो, उत्तर तिथेच तयार होतं आणि पुन्हा मराठीचे कपडे घालून बाहेर यायला निघतं. तोवर मॅडम पुढच्या मुद्द्यावर. मुलगी खाली बघते आणि आपण स्टाफरूममध्ये येऊन म्हणतो, यंदाची बॅच डल आहे.

आज टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्रातला श्रमाचा बाजार चालू होता. कामगार पुष्कळ आणि काम देणारा एकच, अशा ठिकाणी मजुरी कशी ठरते हा भाग. मी विचारलं, “हजार विड्यांमागची मजुरी एक पैसाही कमी न करता मालक कामगाराची कमाई कशी कमी करू शकेल?” वर्ग चिडीचूप. पंख्याचा खडखडाट, कुणीतरी पेनाचं बटण टकटक करतंय. अशा वेळी माझी जीभ शिवशिवते, म्हणून मी बाटली उघडून सावकाश पाणी पिते. (ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे हा उपाय जरा महागच.) खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “मोठ्यानं सांग, तेलुगूत सांगितलंस तरी चालेल.” शेजारीण म्हणाली, “मॅडम, ती म्हणती, पानं कमी देतात.”

मग ती स्वतःच उठली. तिची आई विड्या वळते. कारखान्यातून हजार विड्यांचा हिशेब धरून तेंदूची पानं आणि तंबाखू मिळतो, पण पानं पुरत नाहीत. फाटकी निघतात, वाळलेली निघतात. मग आई पदरचे पैसे घालून बाजारातून पानं आणते. विड्या जमा करायला गेलं की खराब म्हणून काही बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. “दर तेवढाच राहतो मॅडम, हातात कमी येतात.”

फळ्यावर दोन रकाने केले, बोललेला दर आणि हातात पडलेला पैसा. मागच्या बाकावरचा एक जण, जो हजेरीपुरतं ‘येस मॅडम’ म्हणतो, तो म्हणाला, यंत्रमागावरबी तसंच आहे, मालात डाग निघाला की कापतात. पुस्तकातली आकृती त्यानंतर पाच मिनिटांत झाली. एरवी तिला अख्खा तास जातो आणि तरी परीक्षेत वक्ररेषा उलटी काढतात.

विषयाची पकड इथे लागतेच, नाहीतर त्या मुलीचं बोलणं कुठल्या सिद्धांतात बसवायचं ते कळलं नसतं. म्हणून पहिल्या सरांचं अर्धं मला मान्य आहे.

दुसरा गुण म्हणजे मूड एकसारखा असणं. मुलं कॉरिडॉरमध्ये एकमेकांना विचारतात, “आज कसाय मूड?” ज्या शिक्षकाबद्दल हे विचारावं लागतं त्याच्या तासाला कोणी शंका विचारत नाही. चुकीच्या उत्तरावर एकदा का सगळ्या वर्गासमोर टोमणा मारला की वर्षभराची निश्चिंती. नावानिशी ओळखणं, पेपर तपासताना ओळखदेख बाजूला ठेवणं, हेही आहेच. त्यावर सगळ्यांचं एकमत असतं, पाळतात किती तो भाग वेगळा.

आणि हे सगळे गुण तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून कोणत्या तोंडाने मागायचे? आमच्याकडची एक जण सकाळी इथे तास घेते, दुपारी स्कूटीवरून दुसऱ्या कॉलेजात. मानधन तासांवर, तेही महिनोन्‌महिने रखडतं. तिला निवांत थांबा, मुलांना वेळ द्या असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तरी ती मुलांच्या शंकांसाठी जिन्यात उभी असते.

उद्या पहिला तास एफवायला, पहिल्या वर्षाला. कागदावर 120, हजर असतील ऐंशीएक. तिथे पाणी पिऊन भागत नाही, शांतता झाली की मागे गप्पांचा बाजार भरतो. मागणीची लवचिकता घ्यायची आहे, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. पुस्तकातलं मीठ आणि मोटारीचं उदाहरण बाजूला ठेवून चादर आणि विडीवर बघते. विडी महागली तर ओढणारा सोडतो का, एवढं विचारायचं आणि दोघा-दोघांना आपसात बोलू द्यायचं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातल्या सरांना आधीच सांगून ठेवायला हवं.